प्रमाणपत्र नको, अहवाल दाखव

ते प्रमाणपत्र आत ठेव. लॅमिनेट केलं आहेस, दिसलं मला. मी तुझा अहवाल मागवला होता आणि तो ओळ न ओळ वाचला आहे.

पान उलटावं तिथे थर्मल कॅमेऱ्याची निळी-जांभळी चित्रं, आणि शेवटी एक वाक्य: ‘वरच्या सदनिकेच्या बाथरूममधून गळती होत असल्याचे स्पष्ट दिसते.’ कुठे दिसते? चित्रात छताला लागून एक गार पट्टा आहे. गारवा कॅमेऱ्याने टिपला. बाथरूम, गळती आणि वरचा सभासद ही भर तुझी. पृष्ठभागाचं तापमान आणि त्यामागचं कारण यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने नावापुढे ‘प्रमाणित थर्मोग्राफर’ लिहावं? ही उपाधी आजच्या आज खोडायची आणि ते वाक्य लेखी मागे घ्यायचं. पुढचं बोलणं त्यानंतर.

कोर्स निवडताना तू दोनच प्रश्न विचारलेस: किती तासांचा आहे, आणि सर्टिफिकेट लगेच मिळतं का. तिसरा प्रश्न सुचला नाही, कारण तुला शिकायचं नव्हतं, व्हिजिटिंग कार्ड छापायचं होतं.

तुझ्या एका वाक्याने काय होतं ते ऐक. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची, बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि ड्रेनेजची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. संडास-बाथरूम, सिंक यांची आतली गळती संबंधित सदनिकाधारकांनी आपल्या खर्चाने. म्हणजे गळतीचं कारण लिहिणारा माणूस बिल कुणाच्या नावावर फाडायचं, तेच लिहीत असतो. इमारत नवी असेल तर प्रकरण आणखी पुढे जातं. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर तो त्याने ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. अशा वादात तुझा कागद पुराव्यादाखल पुढे येईल आणि समोरचा वकील तुला तुझ्याच चित्रावरून उलटतपासणीत घेईल. आपल्याकडे घरतपासणी करायला सरकारी परवाना लागत नाही, म्हणून तुला कुणी अडवलं नाही. अडवलं नाही म्हणजे पात्र ठरवलं, अशा भ्रमात राहू नकोस.

आता त्या चित्राकडे बघ. नीट बघ. पट्ट्याच्या दोन्ही कडा सरळ आहेत. पाणी पट्टी लावून पसरतं का रे? तिथे आरसीसी बीम आहे. काँक्रीट आणि त्याखालचं वीटकाम वेगवेगळ्या गतीने तापतात, वेगवेगळ्या गतीने निवतात. ऊन उतरल्यावर तो फरक गिलाव्यावर उमटतो. सिव्हिलचा डिप्लोमा केलेल्या मुलाला बीम ओळखता येऊ नये? शिवाय खोलीत एसी चालू होता, हे तुझ्याच फोटोत दिसतं. एसीच्या झोतानेही भिंत गार होते, आणि कन्सील्ड कॉपर पाइपवरचं इन्सुलेशन फाटलं असेल तर तिथे हवेतलं बाष्प जमून खरीखुरी ओल येते. त्या ओलीशी वरच्या बाथरूमचा काडीचा संबंध नसतो.

आणि तारीख कोणती? जुलैची. ओली भिंत कॅमेऱ्यात गार दिसते, कारण पाण्याची वाफ होताना ते भिंतीतली उष्णता घेतं. भर पावसाळ्यात मुंबईची हवा बाष्पाने गच्च असते. वाफ होणंच मंदावतं आणि ओली जागा कोरड्या जागेसारखी दिसू लागते. ‘इतर खोल्यांत ओल आढळली नाही’ असं तू बिनदिक्कत लिहिलंस. आढळली नाही की तपासण्याजोगी परिस्थितीच नव्हती? अशा वेळी तापमानात फरक मुद्दाम निर्माण करावा लागतो. गरम पाण्याच्या लाइनचा संशय असेल तर गीझर लावून ते पाणी सोडायचं आणि खालून बघत राहायचं. नहाणी ट्रॅप किंवा बाथरूमखालच्या खोलगट संक स्लॅबचा संशय असेल तर पाणी साठवून पाँडिंग टेस्ट घ्यायची, आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवायचं. मॉइश्चर मीटर टेकवायचा, आणि भिंतीवर क्षार फुलले असतील तर विजेच्या वहनावरून ओल मोजणारा तो मीटरही फुगीव आकडा दाखवतो, हे ध्यानात ठेवायचं. यातलं काहीही तुझ्या अहवालात नाही.

पान उलट. क्रोमच्या नळाचं तापमान एका दशांशापर्यंत दिलं आहेस. इमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती प्रमाणात बाहेर टाकतो तो आकडा, किती ठेवली होतीस? ०.९५, कारण कॅमेऱ्यात तीच आधीपासून होती. रंगवलेल्या गिलाव्याला ती चालते. चकचकीत धातूची इमिसिव्हिटी त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तिथे नळाऐवजी समोरच्या वस्तूंचं, कदाचित तुझं स्वतःचंच, प्रतिबिंब मोजलं जातं. डीबीचा, म्हणजे विजेच्या वितरण पेटीचा, फोटो काढलास तेव्हा घरात गीझर बंद, एसी एकच चालू. सैल जोडातून प्रवाह गेलाच नाही तर तो तापणार कसा? आणि तू खाली लिहिलंस ‘विद्युत जोडणी सुस्थितीत’. उद्या तो डीबी जळाला तर हाच कागद तुझ्या दारात येईल.

आता प्रमाणपत्रांबद्दल, कारण तिथे तू स्वतःलाही फसवलं आहेस. कॅमेरा विकणाऱ्याने डेमोच्या दिवशी वाटलेला कागद म्हणजे हजेरी. त्यावर विसंबणं म्हणजे थर्मामीटरच्या दुकानदाराकडून वैद्यकी शिकणं. सगळेच उत्पादक असे नसतात. फ्लिरच्या इन्फ्रारेड ट्रेनिंग सेंटरसारखे व्यवस्थित अभ्यासक्रमही आहेत. पण दिवसभराचा डेमो आणि साधारण चार दिवस, ३२ तास चालणारा लेव्हल १ चा वर्ग यांना एकाच तागडीत घालू नकोस. 

पुढची पायरी समजून घे. अमेरिकेच्या एएसएनटी या संस्थेची एसएनटी-टीसी-१ए ही शिफारस फार ठिकाणी वापरतात. तिच्यात प्रमाणित करण्याची जबाबदारी मालकाची, म्हणजे नोकरी देणाऱ्याची असते. प्रशिक्षण संस्था शिकवते आणि परीक्षा घेते. लेखी कार्यपद्धती ठरवून, अनुभव आणि दृष्टी तपासून माणसाला प्रमाणित करतो तो मालक. नोकरी सुटली की ते प्रमाणनही सुटतं. तू तर एकट्याचा धंदा करतोस. मग तुला प्रमाणित कुणी केलं? तूच? एकट्याने काम करणाऱ्याने त्रयस्थ संस्थेकडून मिळणारं प्रमाणन शोधावं. आयएसओ ९७१२ ची चौकट तशी आहे: प्रशिक्षण, अनुभव, परीक्षा, दृष्टी तपासणी, आणि ५ वर्षांची मुदत संपली की नूतनीकरण.

तेवढ्यानेही भागत नाही. विषय कोणता शिकवणार आहेत? आयएसओ १८४३६-७ यंत्रांच्या देखरेखीतल्या थर्मोग्राफरसाठी आहे. मोटर, बेअरिंग यांत मुरलेला माणूस ओल्या भिंतीपुढे नवखाच असतो. इमारतींसाठी आयएसओ ६७८१-३ हे २०१५ चं मानक आहे, आणि त्यात कॅमेरा चालवणारा, चित्रांचं विश्लेषण करणारा आणि अहवाल लिहिणारा या तिघांच्या पात्रतेचा विचार आहे. तू या तिन्ही खुर्च्यांवर एकटा जाऊन बसलास. लेव्हल १ चा माणूस लेखी सूचनांबरहुकूम तपासणी करतो; सूचना तयार करणं आणि निष्कर्षाचा अर्थ लावणं हे लेव्हल २ चं काम. तू कुठली लेव्हल केलीस? बघ, गप्प बसलास.

परदेशी ऑनलाइन कोर्स स्वस्त मिळाला म्हणून लगेच पैसे भरू नकोस. अमेरिकेतली घरं बहुतांशी लाकडी चौकटीची. तिथला होम इन्स्पेक्टर पोकळ भिंतीत इन्सुलेशन कुठे राहून गेलं ते शोधतो. एएसटीएम सी१०६० हे मानक त्याच कामाचं आहे. ब्लोअर डोअर लावून हवेची गळती पाहणं हाही तिथल्या शिक्षणाचा भाग. उष्णतेचं शास्त्र तिथेही तेच, ते जरूर शिक. पण ब्रिकबॅट कोब्याच्या गच्चीखालची ओल, डक्टमधल्या फुटक्या पाइपाने भिजलेली भिंत आणि संक स्लॅबमध्ये तुंबलेलं पाणी त्या धड्यांत भेटणार नाही.

म्हणून फी भरण्याआधी संस्थेला विचार: अभ्यासक्रम कोणत्या मानकावर बेतला आहे? प्रत्यक्ष इमारतीत किती तास? शिकवणाऱ्याने इमारतींची कामं केली आहेत का, आणि तो कॅमेराही विकतो का? परीक्षेत नापास होणारे असतात का? माझे अहवाल कुणी तपासून देणार का? उत्तरं चाचरत आली तर फोन ठेव. आणि कॅमेऱ्याची फुशारकी मला सांगू नकोस. ८० × ६० म्हणजे सारे ४,८०० ठिपके. त्यावर साध्या फोटोच्या रेषा चढवल्या की चित्र रेखीव दिसतं, उष्णतेची माहिती तेवढीच राहते. आधी शिक. कोणता कॅमेरा लागेल ते मग तुझं तुलाच कळेल.

तोवर एक वही घाल. स्वतःच्या घराच्या, नातेवाइकांच्या घरांच्या भिंती पाहा; पावसात, पाऊस सरल्यावर, सकाळी आणि ऊन उतरल्यावर. तीन रकाने आख: काय दिसलं, काय मोजलं, काय अनुमान काढलं. जिथे मधला रकाना रिकामा, तिथे तिसऱ्यात ‘सांगता येत नाही’ असं लिहायचं. दिवाळीनंतर ती वही घेऊन ये. तुझी हुशारी मी नंतर बघेन. ‘सांगता येत नाही’ किती ठिकाणी लिहायचं धाडस केलंस ते आधी मोजेन, आणि मगच तू कुठल्या वर्गात बसायचं ते ठरवू.