तीन मिलिमीटर वर

घरच्या लेझर कटरला कॅमेरा लावला की पहिले चार दिवस माणूस खूश असतो. प्लायचा उरलासुरला तुकडा बेडवर टाकायचा, तो जसाच्या तसा स्क्रीनवर दिसतो, माउसने नाव त्यावर ओढून आणायचं आणि बटण दाबायचं. पट्टी नको, पेन्सिल नको. मग एका सकाळी नाव तुकड्याच्या मधोमध न उमटता कडेला सरकतं. दोनेक मिलिमीटरच, पण दारावरच्या पाटीत तेवढं लांबूनही कळतं. पहिला संशय अर्थातच कॅमेऱ्यावर. स्वस्तातला घेतला, लेन्स वाकडं दाखवते, दुसरा मागवू.

लेन्स वाकडं दाखवते हे खरंच. हातभर उंचीवरून अख्खा बेड एका फोटोत बसवायचा तर रुंद कोनाची लेन्स लागते, आणि तिच्यातून सरळ कडाही बाकदार दिसते. पण या दोषाचं एक बरं असतं, तो बदलत नाही. आज जेवढा बाक, तेवढाच उद्या. म्हणून तो एकदा मोजला की कायमचा वजा करता येतो. बुद्धिबळाच्या पटासारखा काळापांढरा नमुना कागदावर छापून, तो कडक पुठ्ठ्यावर चिकटवून, वेगवेगळ्या जागी आणि थोडा तिरका धरून त्याचे फोटो घ्यायचे. पटावरच्या रेघा सरळ आहेत हे सॉफ्टवेअरला आधीच ठाऊक असतं. त्या जिथे वाकतात तिथे लेन्सची खोड सापडते. साध्या सपाट पटावरून कॅमेऱ्याची मापं काढायची ही पद्धत झेंगयू झांग यांनी २००० साली शोधनिबंधात मांडली, आणि आज घराघरातली यंत्रं तिच्याच वाटेने जातात. पट फोटोच्या कोपऱ्यांपर्यंत न्यायचा कंटाळा मात्र बरेच जण करतात, आणि लेन्सची खरी खोड कोपऱ्यांतच असते.

दुसरी पायरी कॅमेरा आणि यंत्र यांची ओळख करून देण्याची. इथे एक गंमत आहे. कार्बन डायऑक्साइड लेझरच्या यंत्रात कापणारा किरण कॅमेऱ्याला दिसतच नाही. या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे डोळ्याच्या आणि साध्या कॅमेऱ्याच्या आवाक्याच्या पार पलीकडची. (हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार करणारे कुमार पटेल जन्माने बारामतीचे आणि इंजिनिअरिंग पुण्यात शिकलेले.) यंत्रावर दिसणारा लाल ठिपका हा वेगळाच छोटा लेझर असतो, आणि तो खऱ्या किरणाच्या जागीच पडेल याची खात्री नसते. म्हणून ठिपक्यावर भरवसा न ठेवता यंत्राला प्रत्यक्ष जाळायला लावतात. ते पुठ्ठ्यावर चार खुणा उमटवतं, पुठ्ठा तसूभरही न हलवता फोटो काढायचा, आणि फोटो मोठा करून प्रत्येक खुणेच्या बरोबर मध्यावर क्लिक करायचं. एका सपाटीचं दुसऱ्या सपाटीशी नातं जोडायला चार बिंदू पुरतात. खुणा जितक्या दूरदूर, तितकं हे नातं पक्कं.

घोळ त्या ‘सपाटी’तच आहे. चार खुणांवरून सॉफ्टवेअर जे शिकलं ते त्या पुठ्ठ्याच्या उंचीपुरतं. कॅमेरा बेडच्या मध्यावर ४०० मिलिमीटर उंचीवर आहे, आणि मध्यापासून २०० मिलिमीटरवर तीन मिलिमीटर जास्त जाडीचं प्लाय ठेवलं, असं धरू. हिशेबाने ते दीड मिलिमीटर सरकलेलं दिसेल. १८ मिलिमीटर जास्त जाडीचा लाकडी पाट ठेवलात तर नऊ मिलिमीटरच्याही वर. कॅमेऱ्याच्या बरोबर खाली सरकणं शून्य, कडेकडे वाढत जाणारं. गाडीत वेगाचा काटा तबकडीपासून किंचित वर असतो, म्हणून तिथेही हेच रोज घडतं. चालवणाऱ्याला काटा साठावर दिसतो, डावीकडे बसलेल्या बायकोला साठच्या पुढे, आणि दोघंही आपापल्या जागेवरून खरं बोलत असतात.

म्हणून अक्षरं सरकली की आधी ती कुठल्या बाजूला सरकली ते पाहावं. डाव्या कडेला डावीकडे, उजव्या कडेला उजवीकडे, मध्यावर जागच्या जागी, असं असेल तर वस्तू खुणांच्या पुठ्ठ्यापेक्षा उंच आहे. सगळीकडून मध्याकडे सरकली तर ती बुटकी आहे. आणि सगळीकडे एकाच बाजूला तेवढीच सरकली असतील तर उंचीचा प्रश्न नाही, कॅमेऱ्यालाच धक्का लागलाय. एवढं पाहिलं तरी नवा कॅमेरा मागवण्याचे पैसे बहुतेक वेळा वाचतात.

लेन्सचा बाक फोटोत दिसतो, उंची दिसत नाही. वरून काढलेल्या एका फोटोत तीन मिलिमीटरचं प्लाय आणि सहाचं प्लाय सारखंच. ते सॉफ्टवेअरने ओळखावं ही अपेक्षाच चूक. ते आपणच सांगायचं, नाहीतर उंची बदलूच द्यायची नाही. ज्या यंत्रात बेड वरखाली होतो तिथे हे आपोआप साधतं. फोकससाठी मालाचा वरचा पृष्ठभाग नोझलपासून ठरावीक अंतरावर आणावाच लागतो. जाड माल असेल तर बेड तेवढा खाली जातो. कॅमेरा यंत्राच्या सांगाड्याला पक्का असेल तर त्याच्या दृष्टीनेही तो पृष्ठभाग दर वेळी त्याच उंचीवर येतो. फोकस नीट तर नेमही नीट. छोट्या डायोड लेझरमध्ये उलट, बेड स्थिर आणि डोकं वर घ्यायचं, म्हणून जाडी बदलली की नेम चुकला. अशा यंत्रावर तरी खुणा कोऱ्या कागदावर न जाळता, नेहमी ज्या जाडीचा माल वापरता त्याच तुकड्यावर जाळाव्यात. किंवा पातळ मालाखाली पट्ट्या सरकवून त्याची पातळी तेवढी करावी.

पावसाळ्यात याच्या वरताण होतं. तीन मिलिमीटरचं प्लाय दमट हवेत चार दिवस उभं राहिलं की धनुष्यासारखं वाकतं. मध्ये टेकलेलं, कोपरे चार-पाच मिलिमीटर वर. म्हणजे उंची एकाच तुकड्यावर जागोजागी वेगळी, आणि फोकसही वेगळा. महाराष्ट्रात थर्माकोलवर २०१८ मध्ये बंदी आल्यापासून प्लाय आणि एमडीएफच्या मखरांची कामं वाढली, आणि ती येतात नेमकी श्रावणात. बेडची जाळी लोखंडी असेल तर चुंबकांनी, ॲल्युमिनियमची असेल तर जाळीत खुपसायच्या पिनांनी कोपरे दाबून धरावेत, आणि त्यानंतरच फोटो घ्यावा. दाबण्याआधी घेतलेला फोटो कुचकामी.

झाकणाचंही असंच. कॅमेरा झाकणाला असेल आणि बिजागरी ढिली असेल तर अर्ध्या अंशाच्या फरकाने ४०० मिलिमीटरवर साडेतीन मिलिमीटर जातात. झाकण ज्या जागी असताना खुणा जाळून जुळवल्या, फोटोही दर वेळी त्याच जागी हवा, आणि त्यासाठी तिथे अडणारा एक ठोकळा स्क्रूने बसवला की भागतं.

एवढं करूनही पाच मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ५०० मिलिमीटरच्या बेडवर एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ ०.२ मिलिमीटर, कडेला त्याहून जाड. पाट्या, खोकी, उरलेल्या तुकड्यांवर बसवायची अक्षरं यांना ते पुष्कळ झालं. पेनावर नाव घालायचं असेल किंवा पन्नास किचेन एकसारखे हवे असतील तर मी कॅमेरा सरळ बंद करतो. बेडवर पुठ्ठा पक्का चिकटवायचा, त्यात किचेनच्याच आकाराची भोकं त्याच यंत्राने कापायची, आणि किचेन त्या भोकांत ठेवायचे. भोक कुठे कापलं ते यंत्राला न बघताच ठाऊक असतं. पहिल्या किचेनवर मास्किंग टेप लावून कमी पॉवरवर एक फेरी मारावी, टेपवर नाव मध्यावर उमटलं की ती सोलून बाकीचे सुरू करावेत.