सरकार काय विकत घेतं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरचं नाव सिमेंटमुळे सर्वदूर पोचलं. जमिनीत चुनखडी आणि वर्धेच्या खोऱ्यात कोळसा, म्हणून कोरपना-राजुरा भागात 1980च्या दशकापासून माणिकगड, आवारपूर, उपरवाही, नारंडा असे एकामागून एक सिमेंटचे कारखाने उभे राहिले. इथली पोती धरणांत जातात, पुलांत जातात, जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि घरकुलांच्या पायांत जातात. त्यांतल्या बऱ्याच पोत्यांचं शेवटचं गिऱ्हाईक सरकारच असतं. इथल्या हवेबद्दल, पाण्याबद्दल, माणिकगडच्या डोंगराबद्दल बोलताना आपण चिमणीकडे बोट दाखवतो. ते योग्यच आहे. पण चिमणीइतकीच जबाबदारी बांधकाम विभागाच्या अंदाजपत्रकावरही येते, आणि तिकडे कोणी फारसं बघत नाही.

सरकारी खरेदीचा जुना नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे: अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. कार्यालयात याला ‘एल-वन’ म्हणतात. या नियमाला मी नावं ठेवणार नाही. पैसा लोकांचा, तो खर्च करणारा माणूस बदलत राहणारा. त्याने आपल्या मर्जीतल्याला काम देऊ नये, यासाठी आकड्याइतका सरळ पुरावा दुसरा नव्हता. 1922मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झालं तेव्हापासून 2016च्या जीईएम या सरकारी खरेदीच्या पोर्टलपर्यंत यंत्रणा बदलत गेली, पण लेखापरीक्षकाचा पहिला प्रश्न तोच राहिला: कमी दराचा माणूस का सोडलात? या प्रश्नाच्या धाकाने कित्येक चांगले अभियंते आपल्याला पटलेली गोष्ट कागदावर आणत नाहीत.

कमी दराला काय दिसत नाही, हे विदर्भातच फार आधी कोणीतरी मांडलं होतं. 1934मध्ये वर्ध्याला मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि त्याचं काम जे. सी. कुमारप्पा यांनी अंगावर घेतलं. कुमारप्पा शिकलेले हिशेबनीस. वस्तूच्या किमतीत तिच्यामागचं सगळं येत नाही, आणि विकत घेणारा त्या न आलेल्या भागाचाही वाटेकरी असतो, हे त्यांचं म्हणणं होतं. पुढे 1945च्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये त्यांनी निसर्गातल्या साठ्यांचे दोन भाग केले: उपसलं की संपणारे आणि पुन्हा पुन्हा भरणारे. चुनखडीची खाण आणि बांबूचं रान एकाच जिल्ह्यात असलेल्या माणसाला ही विभागणी समजावून सांगावी लागत नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारने या विचारातला एक धागा उचलला. केंद्रीय खात्यांनी हातकताई-हातविणीचं कापड खादी आयोगाकडूनच घ्यावं, असं आरक्षण आलं. स्वस्तापेक्षा वेगळं काही विकत घ्यायला सरकारला मुभा असू शकते, हे तिथे मान्य झालं. बाकीचा विचार मात्र पुस्तकातच राहिला.

तो बाहेर आला राखेच्या रूपाने, आणि तोही न्यायालयाच्या रेट्यामुळे. आपल्या दगडी कोळशात राख तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत असते. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र आज 2920 मेगावॅटचं आहे. इतकी वीज म्हणजे रोज राखेचा किती ढीग, याचा अंदाज दुर्गापूर-ऊर्जानगरकडच्या कोणालाही विचारावा. एका जनहित याचिकेत दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिला आणि 14 सप्टेंबर 1999 रोजी केंद्राने अधिसूचना काढली. औष्णिक केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत मातीच्या विटा करायच्या तर त्यात किमान 25 टक्के राख मिसळायची. हेतू दुहेरी होता: राखेची विल्हेवाट लागावी आणि विटांसाठी शेतातली वरची सुपीक माती खरवडली जाऊ नये. हे अंतर 2003मध्ये 100 किलोमीटर झालं, 2016मध्ये 300. त्याच वर्षी महाराष्ट्राने राखेच्या वापराचं स्वतःचं धोरण ठरवलं.

या अधिसूचनेतला विटांचा भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला. मला महत्त्वाचं वाटतं ते तिचं वेगळंच एक कलम. केंद्र आणि राज्यांच्या बांधकाम खात्यांनी, गृहनिर्माण मंडळांनी, महामार्ग प्राधिकरणाने आपापल्या विनिर्देशांतच राखेचा वापर लिहावा, असं त्यात होतं. म्हणजे उपदेश करून न थांबता थेट विनिर्देशाच्या पुस्तकात हात घातला गेला. कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक मांडतो ते दरसूचीतून. बाब दरसूचीत आहे, तिला क्रमांक आहे, दर आहे, तर ती अंदाजपत्रकात येते, तांत्रिक मंजुरी मिळते, मोजमाप पुस्तिकेत नोंदली जाते आणि बिल निघतं. बाब दरसूचीत नसेल तर मंत्र्यांनी व्यासपीठावरून कितीही सांगितलं, तरी ती होत नाही.

सिमेंटच्या बाबतीत हेच घडलं. शुद्ध चुनखडी शंभर किलो भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच निघून जातो. इंधनाचा धूर वेगळा. म्हणून सिमेंटमध्ये हा भाजलेला ऐवज, म्हणजे क्लिंकर, जितकं कमी, तितका डोंगर वाचतो आणि हवाही. पोझोलाना सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के राख घालता येते, हे भारतीय मानकातच आहे. तरी केंद्रीय बांधकाम खात्याने आरसीसी कामात या सिमेंटला वाट करून दिली ती 2004मध्ये, अटींसह. भीती अगदीच निराधार नव्हती. या सिमेंटला ताकद हळू येते, पाणी जास्त दिवस मारावं लागतं, सेंटरिंग लवकर काढता येत नाही, आणि मार्चअखेर बिल काढायच्या घाईत नेमकी हीच गोष्ट कोणाला परवडत नाही. पण परवानगी आली, तसं चंद्रपूरची राख पोटात घेतलेलं इथलं सिमेंट सरकारी कामावर जाऊ लागलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009च्या पाहणीत चंद्रपूरला 83.88 गुण होते, देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांमध्ये. राखेच्या एका नियमाने ते पुसलं गेलं नाही. पण एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल होण्याची वाट खरेदीच्या कागदातून गेली, हे नाकारता येणार नाही.

लाकडाची गोष्ट याच्या उलट आहे आणि अधिक शिकवणारी. 1993मध्ये केंद्रीय बांधकाम खात्याने आपल्या इमारतींत लाकूड वापरणं बंद केलं. जंगल वाचवायचं होतं. हेतूबद्दल शंकाच नको. लाकडाच्या दारं-खिडक्यांची जागा लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि प्लास्टिकने घेतली. ती करायला किती कोळसा आणि बॉक्साइट लागतं, हा हिशेब तेव्हा कोणी मांडला नाही. बल्लारशाच्या आगारात सागवान लिलावाला येतच होतं, वनविकास महामंडळ लावत होतं आणि आराखड्याप्रमाणे तोडत होतं. ते फक्त सरकारी इमारतीत जात नव्हतं. जुलै 2020मध्ये बंदी उठली. कारण दिलं गेलं ते असं: नीट राखलेल्या वनातलं लाकूड स्वतःमध्ये कार्बन धरून ठेवतं, आणि पर्यायी माल करायला ऊर्जा जास्त लागते. सत्तावीस वर्षांत एकाच वस्तूबद्दलचं मत फिरलं. मला यात धरसोड दिसत नाही. आधी प्रश्न ‘काय वापरू नये’ इतकाच होता; नंतर ‘हे कुठून आलं आणि त्याच्याऐवजी काय येईल’ हा झाला.

दरम्यान बाकीचं लहान लहान तुकड्यांनी आलं. 1991मध्ये केंद्राने मातीच्या मडक्याचं चिन्ह असलेली इकोमार्क योजना काढली, पण ते चिन्ह नसलेला माल घेण्यावर सरकारी खात्यांना काही बंधन नव्हतं, आणि योजना तशीच पडून राहिली. एलईडी दिव्यांचं उलट झालं: सरकारी कंपनीने एकगठ्ठा मागणी काढली आणि 2014च्या सुरुवातीला 310 रुपयांना पडणारा दिवा दोन-अडीच वर्षांत 38 रुपयांवर आला. 2017च्या केंद्रीय वित्तीय नियमांत विजेची उपकरणं तारांकित असावीत हे आलं. 2021मध्ये गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत वजन देऊन बांधकामाच्या निविदा ठरवण्याची सोय झाली. ‘एल-वन’ची भिंत तिथे पहिल्यांदा थोडी हलली.

आणि मार्च 2023मध्ये वणी-वरोरा महामार्गावर दोनशे मीटर लांबीचा बांबूचा कठडा उभा राहिला. लोखंडी कठड्याच्या जागी प्रक्रिया केलेला बांबू, पिथमपूरला आणि रुरकीला चाचण्या होऊन. गडचिरोलीकडच्या माणसाला या बातमीने विशेष वाटावं. चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांतला बांबू पिढ्यानपिढ्या सवलतीच्या दराने कागद कारखान्याला जात होता. 2009मध्ये मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, 2011मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, आणि नंतर कितीतरी ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागल्या. उद्या सरकारी रस्त्यांना बांबू लागणार असेल, तर त्याची निविदा या ग्रामसभांना भरता यायला हवी. तीन वर्षांची उलाढाल, तशाच कामाचा अनुभव, मोठी बयाणा रक्कम या नेहमीच्या अटी तशाच ठेवल्या, तर रान राखणारा बाहेर राहील आणि बांबू मधल्या कोणाकडून तरी घेतला जाईल.

हे सगळं अवघड आहे असं अधिकारी म्हणतात, तेव्हा मला एक कागद आठवतो. प्रत्येक अंदाजपत्रकासोबत लीडचा तक्ता जोडलेला असतो. वाळू कोणत्या घाटावरून, गिट्टी कोणत्या खाणीतून, सिमेंट कुठून, किती किलोमीटर, हे त्यात लिहिलेलं असतं, कारण वाहतुकीचा दर त्यावरून निघतो. म्हणजे माल कुठून येतो हे शासनाला आजही ठाऊक असतं. दर कामाला ते लिहूनच घेतलं जातं. त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने वाढवता येतील: सिमेंटमध्ये क्लिंकर किती टक्के, आणि लाकूड-बांबू कोणत्या वनातून, कोणाच्या परवान्यावर. पोत्यावर सिमेंटचा प्रकार छापलेला असतो, राखेचं प्रमाण कारखान्याच्या चाचणी अहवालात असतं, परवाना वनखात्याकडे किंवा ग्रामसभेकडे असतो. चुनखडी कमी खाणाऱ्या, भाजलेल्या मातीच्या सिमेंटसाठी 2023मध्ये भारतीय मानकही निघालं आहे. राज्याच्या पुढच्या दरसूचीत त्याला बाब क्रमांक मिळाला, तर गडचांदूरच्या नगरपरिषदेचा अभियंता आपल्याच गावच्या नालीच्या कामात ते लिहू शकेल, आणि लेखापरीक्षकाला द्यायला त्याच्याजवळ उत्तर असेल.