उरलेली ओल

पानशेतच्या जलाशयाकाठी, कापणी झालेल्या भातखाचरात उभे राहा.

चपला बांधावर काढा. धसकटं टोचतात, पाऊल हळू टाका.

थांबा.

खाली बसा आणि तळवा जमिनीला टेकवा. वरची माती भेगाळू लागली आहे. बोट जरा आत सरकवलं की गार लागतं. आंबी नदीच्या खोऱ्यात कोसळलेला पाऊस अजून इथे आहे. भात घरी गेलं, ढग गेले. ओल राहिली आहे.

बोट तिथेच असू द्या. श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता दुसरी मूठ उघडा. तिच्यात जवसाचे दाणे आहेत.

हे दाणे इथले नाहीत. वेल्हे-भोरच्या डोंगरउतारावर तेलबी म्हणजे खुरासणी. जवस येतो पूर्व विदर्भातून, भंडारा-गोंदियाकडच्या भाताच्या बांध्यांमधून. तिकडे भात उभं असतानाच, कापणीला आठ-पंधरा दिवस राहिले की, ओल्या मातीत जवस फेकून देतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगर नाही, पाण्याची पाळी नाही. भात कापणाऱ्यांच्या पायांमधून कोवळी रोपं वर येतात आणि मागे राहिलेल्या ओलीवर वाढतात.

मला या पिकाचं सगळ्यात मोठं देणं हेच वाटतं.

आणि सह्याद्रीची माती जवसाला अगदी परकीही नाही. पाऊस सरता सरता इथल्या उतारांवर याच कुळातली एक रानटी जात फुलते, बारीक पिवळ्या फुलांची. वाट चालताना ती सहज नजरेतून सुटते.

पुन्हा बोटापाशी या. गार आहे अजून.

एकच दाणा चिमटीत धरा. तपकिरी, चपटा, एका टोकाला निमुळता. उन्हाकडे केला की चकाकतो. सटकतो. पुन्हा धरा.

जिभेवर ठेवा. चावू नका.

वाट पाहा.

दाण्याभोवती बुळबुळीत थर येतो. कोरडा होता तेव्हा हा थर दिसत नव्हता. पाणी लागताच दाणा ते स्वतःभोवती धरून ठेवतो. जमिनीत पडला तरी तो हेच करतो.

असू द्या जिभेवर. गिळायची घाई नाही.

डोळे मिटा.

पौषातली सकाळ आहे. बांधीत बारीक खोडांची गुडघाभर झाडं आहेत. त्यांवर निळी फुलं. पाच पाकळ्या, जवळजवळ पारदर्शक. त्यांवरच्या रेषाही दिसतात.

एकाच फुलासमोर राहा.

वारा येतो. देठ हलतो. तुमचा श्वास येतो, जातो.

हे फूल उजाडताना उमललं आहे. दुपारपर्यंत पाकळ्या गळतील. उद्या शेजारची कळी.

पाकळी सुटते. तिच्यासाठी हात पुढे करू नका. पडू द्या.

मागे राहतं एक इवलं हिरवं बोंड. आत पाच घरं, प्रत्येक घरात दोन दाण्यांची जागा. सगळी भरली तर दहा दाणे.

बघत राहा.

आता डोळे उघडा आणि चुलीपाशी या. तवा मंद आचेवर आहे. मूठभर दाणे टाका.

काहीच ऐकू येत नाही. ऐकत राहा.

तड.

मग बराच वेळ शांत. मग पुन्हा तड. मग सगळेच बोलू लागतात. आता उतरवा, करपला की कडवट लागतो.

आख्खा दाणा पोटातून बहुधा तसाच निघून जातो, म्हणून कुटायचा. लसूण, सुकी लाल मिरची, मीठ. खलबत्त्यात चार ठोके द्या आणि थांबा. वास घ्या. दाण्याच्या वजनात ३५ ते ४५ टक्के तेलच असतं. ते आता बत्त्याला लागतं आहे, बोटांना लागतं आहे.

चटणी भरड असू द्या, आणि थोडीच करा. कुटल्यावर हे तेल लवकर खवट होतं. उरलेले दाणे आख्खेच बरणीत भरा, झाकण घट्ट लावा.

नाचणीची भाकरी मोडा. चटणी लावा. पहिला घास नीट चावून खा, मग दुसरा घ्या.