सेरोटोनिनच्या मागावर

1961 साली अमेरिकेत शेन आणि फ्रीडमन या दोन डॉक्टरांनी स्वमग्न मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांतल्या काहींमध्ये सेरोटोनिन हे रसायन नेहमीपेक्षा जास्त निघालं. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनरने अकरा मुलांची निरीक्षणं मांडून स्वमग्नतेची ओळख करून दिली होती 1943 मध्ये. मधल्या काळात खापर फुटत होतं ते आईच्या माथी: तिनं माया कमी केली म्हणून मूल असं झालं! रक्तात काहीतरी सापडलं, याचा तेव्हा केवढा आधार वाटला असेल.

सेरोटोनिन जास्त आहे, तर कमी करू. या सरळ हिशेबाने 1980 च्या दशकात फेनफ्लुरामिन हे औषध देऊन पाहिलं गेलं. 1982 चा पहिला अहवाल अवघ्या तीन मुलग्यांचा होता, पण आशा देशोदेशी पसरली. मोठ्या अभ्यासांत ती टिकली नाही. हृदयाच्या झडपांना इजा होते म्हणून 1997 मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते औषधही मागे घेतलं गेलं.

तोवर फ्लुओक्सेटिन आलं होतं. नैराश्यावरचं हे औषध सतत हात धुणाऱ्या, कुलूप पुन्हापुन्हा तपासणाऱ्या रुग्णांनाही उपयोगी पडत होतं. स्वमग्न मूलही तीच ती कृती करत राहतं, मग त्याला का नको? गंमत नव्हे, गंभीर गोष्ट अशी की फ्लुओक्सेटिन आणि त्याच्या जातीची औषधं मेंदूत दोन पेशींमधलं सेरोटोनिन वाढवतात. आधी कमी करायचं होतं, आता वाढवायचं, रसायन तेच. इथेच थांबून विचार व्हायला हवा होता.

शिवाय दोन्ही पुनरावृत्ती सारख्या नाहीत. हात धुणारा माणूस स्वतःच्याच कृतीने गांजलेला असतो. नागपुरात लग्नाच्या लॉनवर डीजे सुरू झाला की कानांवर हात ठेवून झुलू लागणारं मूल मात्र त्या झुलण्यातूनच स्वतःला सावरत असतं. त्याचा त्रास डीजेत आहे. झुलणं थांबवणारी गोळी शोधताना आपण नेमका कुणाचा त्रास कमी करतो, हे विचारायलाच हवं.

2009 मध्ये फ्लुओक्सेटिनच्याच जातीच्या सिटालोप्रामच्या चाचणीचा निकाल आला. 5 ते 17 वयाची 149 मुलं, 12 आठवडे. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सुधारली आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकीही जवळपास तेवढीच. औषध घेणाऱ्यांत चंचलता, झोपमोड, उतावळेपणा मात्र वाढला. आईबाप ‘फरक पडला’ म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना फरक दिसतोच, आणि मुलंही काळाबरोबर बदलत असतात. म्हणून तर तुलना लागते. वेगवेगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2013 च्या कॉक्रेन आढाव्यालाही मुलांत या औषधांच्या फायद्याचा पुरावा मिळाला नाही. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत फ्लुओक्सेटिनची बाजू आधी किंचित वरचढ दिसली. दोन गटांतले मूळचे फरक हिशेबात घेतल्यावर ती उरली नाही.

किशोरवयीन मुलाला खरोखर नैराश्य किंवा टोकाची चिंता असेल, तर प्रश्न वेगळा. तिथे औषधाचा विचार होऊ शकतो, कमी मात्रेने आणि सतत लक्ष ठेवून. कारण लहानांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्येच दिला आहे. चालू असलेली गोळी मात्र कुणीही मनाने एकदम बंद करू नये.

मग तरीही गोळी का लिहिली जाते? नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेच्या दवाखान्यांत गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाटहून माणसं येतात. रात्रीच्या आत गाव गाठायचं असतं. गोळी पिशवीतून सिरोंचापर्यंत जाते. थेरपिस्ट जात नाही. एवढ्या लांबून आलेल्या आईला चिठ्ठीशिवाय परत पाठवणं डॉक्टरलाही जड जात असणार.

पण घरापर्यंत जाऊ शकेल असं दुसरं काही आहे. 2016 मध्ये गोवा आणि रावळपिंडीतल्या 65 स्वमग्न मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांना मुलाशी खेळतानाचं त्यांचंच चित्रीकरण दाखवलं आणि मुलाच्या इशाऱ्यांना प्रतिसाद द्यायला शिकवलं. सगळ्याच मोजमापांत यश आलं नाही. तरी आईबापांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, एम्स आहे, तिन्ही मोठी सरकारी रुग्णालयं. विदर्भातल्या आशाताईंना असं शिकवण्याचं काम त्यांनी हाती घ्यावं.