उलटण्याचा सराव

त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटर. गोदावरी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते. नाशिककरांच्या वाट्याला समुद्र येतो तो सहलीपुरताच. तरी चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावातून, विहिरी खोदणाऱ्या घरातून दत्तू भोकनळ लष्करात गेला, पुण्यात त्याच्या हाती वल्हं आलं आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तो तेरावा आला. सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. पाणी जन्मतः कुणाचंच नसतं. ते शिकता येतं.

नाशिकच्या विद्यार्थ्यांना कयाक घेऊन कोकण किनाऱ्यावर मोहीम काढायची असेल, तर तयारी गंगापूर धरणातच व्हायला हवी. आणि पहिला धडा वल्हं मारण्याचा नको, उलटण्याचा हवा. समुद्री कयाकमध्ये बसणाऱ्याच्या कमरेभोवती स्प्रे स्कर्ट, म्हणजे नावेत पाणी येऊ न देणारं आवरण, घट्ट बसवलेला असतो. नाव उलटली की नवखा मुलगा घाबरून मागे रेलतो, आणि स्कर्ट सोडवायचा पट्टा तर नेमका पुढे असतो. डोकं खाली, नाकात पाणी, अशा वेळी पुढे वाकायचं, चाचपून पट्टा ओढायचा, मग दोन्ही हातांनी नावेला रेटा देऊन बाहेर निसटायचं. लगेच दुसऱ्याने त्याच्या नावेचं टोक आपल्या नावेवर ओढून पाणी काढायचं, ती सुलटी करायची आणि तो चढेपर्यंत घट्ट धरून ठेवायची. सोबत्याला असं परत नावेत बसवता येत नाही, तोवर कुणालाही समुद्रावर नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

धरणात न शिकवता येणाऱ्या गोष्टीही आहेत. खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी भूगोलात दोन मार्कांसाठी पाठ केले. मतलई वारा जमिनीकडून वाहतो, म्हणून सकाळी किनाऱ्याजवळचं पाणी शांत दिसतं. आत जावं तसा तोच वारा नावेला आणखी बाहेर लोटतो. भरती-ओहोटी, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, हे कोळ्यांकडे बसून समजून घ्यावं लागतं.

इंग्लंडमध्ये लाइम उपसागरात मार्च १९९३ मध्ये असाच जमिनीकडून वाहणारा वारा जीवघेणा ठरला. शाळकरी मुलं कयाक घेऊन निघाली, वाऱ्याने ती भर समुद्रात लोटली गेली, स्प्रे स्कर्ट नसल्याने नावांत पाणी भरलं आणि चौघं दगावली. दोनच वर्षांत तिथे मुलांना साहसी खेळ शिकवणाऱ्या केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. आपल्याकडे २०१६ साली मुरूडला सहलीसाठी आलेले पुण्याचे विद्यार्थी बुडाले. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर आपल्याला आधी आठवते ती बंदी. बंदीने मुलं पाण्यापासून दूर राहत नाहीत. न शिकता पाण्यात उतरतात, एवढंच. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, हे चांगलंच झालं. पण मोहीम ठरली की शाळा आधी पालकांकडे हमीपत्र मागते. त्याआधी पालकांनीच शाळेला विचारावं: मुलांना नाव उलटवायचा सराव किती दिवस दिला, आणि हवा बिघडली तर मागे फिरायचा निर्णय कोण घेणार?