दहा अनवाणी व एक बूटवाला

शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय १७, ओव्या ३८ ते ४०



मंडळीच्या पत्रात चेंडूच्या खेळाचे काय काम, असे एखादे वडील विचारतील. त्यांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ९ वा अध्याय काढून पाहावा. धावण्याच्या शर्यतीचा व मुष्टियुद्धाचा दृष्टांत घेताना पौल प्रेषितास संकोच वाटला नाही.

१९११ सालच्या जुलै महिन्याच्या २९ तारखेस कलकत्त्यास फुटबॉलच्या आय. एफ. ए. ढालीचा अंतिम सामना झाला. या ढालीचे सामने १८९३ पासून चालू होते, परंतु तोवर एकाही देशी संघास ती मिळाली नव्हती. एका बाजूस ईस्ट यॉर्कशायर पलटणीचे गोरे शिपाई, पायांत जाड बूट घातलेले. दुसऱ्या बाजूस मोहन बागान संघाचे अकरा देशी गडी. त्यांपैकी दहांचे पाय उघडे. बुटाखाली उघडी बोटे सापडली म्हणजे काय होते, हे ज्याच्या पायावर बैलाचा खूर पडला आहे त्यास सांगावयास नको.

लोक हजारोंनी लोटले. ज्यांस मैदान दिसत नव्हते त्यांस खेळाचा हिशेब कळावा म्हणून पतंग उडवीत होते. उत्तरार्धात पलटणीच्या जॅक्सनने पहिला गोल केला. थोड्याच वेळाने मोहन बागानचा नायक शिवदास भादुरी याने बरोबरी साधली, आणि खेळ संपावयास काही क्षण उरले असता अभिलाष घोष याने दुसरा गोल केला. दोनास एक! ढाल अनवाण्यांकडे आली.

आता येथे घाई करू नका. देव दुबळ्यांचा पक्षपाती आहे, म्हणून ते जिंकले, असे उपदेशपीठावरून सांगणे फार सोपे आहे. मला ते मान्य नाही. त्या पलटणीत प्रार्थना करणारा एकही शिपाई नव्हता काय? शिवाय याच मोहन बागानास ही ढाल पुन्हा मिळाली ती १९४७ साली, म्हणजे छत्तीस वर्षांनी. मधल्या काळात देवाने त्यांस टाकिले होते काय? दावीदाच्या हाती गोफण काही त्या दिवशी पहिल्यांदाच आली नव्हती. रानात मेंढरे राखताना दावीदाचा हात तयार झाला होता. मोहन बागाननेही १९०६, १९०७ व १९०८ अशी लागोपाठ तीन वर्षे ट्रेड्स चषक जिंकला होता, आणि ढालीच्या उपांत्य सामन्यात मिडलसेक्स पलटणीशी बरोबरी झाली तेव्हा पुन्हा उतरून तीन गोलांनी सामना मारिला होता.

परंतु माझे मन त्या अकराव्या गड्यापाशी थांबते. त्यांचे नाव सुधीर चटर्जी. ते ख्रिस्ती होते, भवानीपूर येथील लंडन मिशनच्या महाविद्यालयात शिकवीत, आणि पुढे दीक्षा घेऊन पाळक झाले. बचावाच्या फळीत ते उभे राहिले ते बूट घालून. संघात बूट असलेले तेवढे एकच.

दावीदाने शौलाचे चिलखत उतरविले, कारण त्यास त्याची सवय नव्हती. शास्त्र चिलखतास दोष देत नाही. चटर्जींनी आपले बूट उतरविले नाहीत, आणि समोरच्या अकरा जणांच्या पायांतही बूटच आहेत म्हणून ते त्या बाजूस जाऊन उभे राहिले नाहीत. ज्यांच्या पायांत काही नव्हते त्यांच्या ओळीत राहून, त्यांच्यावर येणारा चेंडू ते परतवीत होते. आणि त्या दहांनीही, हा साहेबासारखे बूट घालतो, याला बाहेर काढा, असे म्हटले नाही.

‘तुम्ही साहेबाचे झालात,’ हा टोमणा आपल्यापैकी कोणी ऐकला नाही? तो ऐकून काही बंधू आपले बूट लपवितात: चावडीवर येशूचे नाव निघाले की खाली पाहतात, लग्नसराईत मंडळीची वाट विसरतात. दुसरे बंधू याच्या उलट करितात. चार इयत्ता शिकले, अंगात स्वच्छ सदरा आला, की गावाच्या सुखदुःखाशी आपला संबंध तुटला असे त्यांस वाटते. बांध फुटला तर फावडे घेऊन जावयाचे नाही. शेजाऱ्याच्या घरी मूल तापाने फणफणले तरी ते आपल्या मंडळीतले नाही म्हणून उंबरा ओलांडावयाचा नाही. यांपैकी कोणता रोग अधिक वाईट, याचा निवाडा मी करीत नाही. पाळकाच्या वहीत दोहोंची नावे असतात. उपदेशक बंधूंनो, आपल्या वाडीत यांपैकी कोणते अधिक दिसते ते आपण पाहा. पहिले असल्यास या महिन्यातील एक उपासना घरात न घेता उघड्या अंगणात घ्या. दुसरे असल्यास त्या रविवारी उपासना लवकर आटोपून सर्वांस बांधावर न्या.

कलकत्त्यास २९ जुलै हा दिवस मोहन बागान दिन म्हणून पाळितात. त्या दिवशी अकरा जणांचे स्मरण होते, त्यांत चटर्जींचेही होते. आणि दहा अनवाणी होते हे सांगताना अकराव्याच्या बुटांचा उल्लेखही लोक आपण होऊन करितात.