वेशीजवळच्या विहिरीचे पाणी

शास्त्रवाचन : २ शमुवेल २३:१३-१७



दावीद व गल्याथ यांची गोष्ट आपल्या शब्बाथ शाळेतील मुलांना तोंडपाठ असते. परंतु वर दिलेला शास्त्रभाग फारसा शिकविला जात नाही, म्हणून तो प्रथम थोडक्यात सांगतो. कापणीचे दिवस होते. दावीद अदुल्लामच्या गुहेत होता. पलिष्ट्यांची छावणी खोऱ्यात पडली होती आणि दाविदाच्या जन्मगावी, बेथलेहेमात, त्यांचे ठाणे बसले होते. अशा वेळी त्याला आपल्या गावच्या वेशीजवळच्या विहिरीची आठवण झाली आणि ते पाणी कोणी आणून दिले तर किती बरे होईल, असे तो सहज बोलून गेला. त्याने कोणालाही हुकूम केला नव्हता. मनातला उसासा ओठांवर आला, इतकेच. पण ते शब्द तिघा शूर गड्यांच्या कानी पडले. ते उठले, शत्रूची छावणी भेदून गेले, पाणी शेंदले आणि घेऊन आले. आणि दाविदाने ते पाणी प्यायले नाही. ते परमेश्वरापुढे ओतून टाकले.

ही गोष्ट मी पुष्कळदा वाचली होती, एकदोनदा तिच्यावर बोललोही होतो. पण तिचा अर्थ मला गेल्या पावसाळ्यात कळला. तो कसा, ते सांगताना मला माझी एक चूक कबूल करावी लागणार आहे.

आमच्या उज्जैनमध्ये मराठी ख्रिस्ती कुटुंबे थोडी आहेत. रविवारची उपासना हिंदीत होते आणि महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी मराठी प्रार्थनासभा भरते. या घरांतले दोन तरुण आणि त्यांच्या कॉलेजातले दोन सोबती, अशा चौघांनी मिळून यूट्यूबवर प्रवासाचे चॅनेल सुरू केले. चौघांत एक मोटारसायकल, एक चांगला मोबाईल आणि दांडगा उत्साह, एवढेच भांडवल. त्यांनी पहिली चित्रफीत केली ती येथील वेधशाळेची. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात ही वेधशाळा बांधली. कर्कवृत्त उज्जैनच्या अगदी जवळून जाते, म्हणून २१ जूनच्या सुमारास भर दुपारी येथील शंकू यंत्राची सावली क्षणभर नाहीशी होते. ती सावली आखडत आखडत जाताना या मुलांनी दाखविली. नंतर ते चंबळेच्या उगमाचा जानापाव डोंगर चढून आले. पाताळपाणीहून कालाकुंडाकडे उतरणाऱ्या जुन्या मीटरगेज गाडीतूनही जाऊन आले. देवाच्या सृष्टीविषयीचे कुतूहल त्या चित्रफितींत होते, आणि मला त्यांचे कौतुक वाटत असे.

पण पाहणारे थोडे होते. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नाचा वाटा हवा असेल, तर एक हजार सबस्क्राइबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले गेल्याची नोंद लागते. असा नियम २०१८ पासून आहे. या मुलांचा आकडा दोनशेवर अडला होता. एका प्रार्थनासभेनंतर चहा घेताना त्यांनी मला विचारले, “काका, कसे वाटते चॅनेल?” मी म्हणालो, “देखावे सुंदर आहेत रे, पण अंगावर काटा येईल असे काहीतरी दाखवा. लोकांना तेच आवडते.”

मी कप खाली ठेवला आणि ते विसरून गेलो. ते विसरले नाहीत.

पुढच्या महिन्यात शिप्रेला पूर आला. पावसाळ्यात रामघाटावरची देवळे पाण्यात बुडतात, हे आम्हा उज्जैनकरांना नवे नाही. गावाबाहेर नदीवर एक रपटा आहे. रपटा म्हणजे ठेंगणा फरशी-पूल. त्याच्यावरून गुडघाभर पाणी वाहत होते. चौघांतला एक जण बोलत बोलत पाण्यातून पलीकडे जाणार आणि बाकीचे त्याचे चित्रण करणार, असे ठरले. दोन वेळा तो गेला आणि सुखरूप परत आला. चित्र मनासारखे आले नाही म्हणून काठावरून कोणी तरी म्हणाले, “आणखी एकदा.” तिसऱ्या वेळी शेवाळलेल्या फरशीवरून त्याचा पाय घसरला. कडेचा एक दगडी खुंट त्याच्या हाती लागला म्हणून तो वाचला. दोघांनी पालथे पडून त्याचा सदरा धरला व त्याला ओढून घेतले. चौथा मोबाईल धरून तसाच उभा राहिला. तो दुष्ट मुलगा नाही. आपण काय करीत आहोत हेच त्या क्षणी कळत नव्हते, असे तो मला नंतर रडत रडत सांगत होता. मित्र बुडत होता, आणि डोळ्यांपुढे होती ती मोबाईलची काच.

त्या रात्री चौघेही माझ्या घरी आले. चाळीस सेकंदांचे ते चित्रण त्यांच्याजवळ होते. टाकावे की पुसावे, यावर त्यांच्यात वाद पडला होता. नवल असे की, जो पडला होता त्यालाच ते टाकायचे होते. मी गंभीर चेहरा करून उपदेशाला सुरुवात केली, तेव्हा तो म्हणाला, “पण काका, अंगावर काटा येईल असे काहीतरी दाखवा, असे तुम्हीच म्हणाला होता ना?”

बंधुभगिनींनो, माझी जीभ टाळ्याला चिकटली. त्या घटकेला मला दाविदाचा उसासा आठवला.

या शास्त्रभागातून आपण तीन गोष्टी शिकू या.

पहिली गोष्ट : पाहणाऱ्याचा उसासा निष्पाप नसतो. तरुणांना दोष देणे सोपे आहे. ‘ही मुले मोबाईलच्या पायी जीव धोक्यात घालतात’ असे आपण मंडळीच्या ओट्यावर बसून म्हणतो, आणि घरी येऊन तीच दृश्ये पाहतो. १७ जुलै २०११ रोजी इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्यावर अचानक लोंढा आला आणि सहलीला आलेल्यांपैकी पाच जण वाहून गेले. त्यांतील तिघे बुडाले. ते दृश्य कोणी तरी टिपले आणि पुढे देशभर असंख्य लोकांनी ते पाहिले. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यात माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी, प्रवासाच्या चित्रफिती करणारी मुंबईची एक तरुणी चित्रण करताना दरीत कोसळली. मित्रमंडळी बरोबर होती. बचाव पथकाने कष्टाने तिला वर काढले, पण तिचा प्राण वाचला नाही. तिला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. तीही कोणाच्या तरी घरची लाडकी लेक होती. मी लिहितो ते स्वतःला विचारण्यासाठी की, अशा उड्या, असे कडे आणि असे पूर मिटक्या मारीत पाहणारे आपण कोण? आपण आज्ञा करीत नाही, हे खरे. दाविदानेही आज्ञा केली नव्हती. परंतु आपले बोट ज्या चित्रावर थांबते, तेच चित्र पुन्हा आणण्यासाठी कोणी तरी पाण्यात उतरतो.

दुसरी गोष्ट : दाविदाला पाण्यात रक्त दिसले. ते पाणी म्हणजे जिवावर उदार होऊन गेलेल्या माणसांचे रक्तच होय, असे त्याने म्हटले. तहान खरी होती, पाणी गोड होते आणि ते आणणाऱ्यांचे प्रेमही खरे होते. तरी त्याने ते ओठांना लावले नाही. आपल्या मित्राचा जीव आपल्या तहानेपेक्षा मोलाचा आहे, हे त्याने ओळखले. शिवाय, ते पाणी त्याने चिडून फेकून दिले नाही. परमेश्वरापुढे अर्पण म्हणून ओतले. म्हणजे गड्यांच्या शौर्याचा त्याने अपमान केला नाही. इतके मोलाचे दान आपण घेण्यास योग्य नाही, ते देवालाच शोभेल, असे त्याने जाणले. ज्या घरात, ज्या मंडळीत आणि ज्या मित्रमंडळात माणसाचा जीव असा मोलाचा मानला जातो, तेथेच खरी मैत्री असते.

तिसरी गोष्ट : धाडस पाप नाही, पण धाडस कोणासाठी, हा प्रश्न देव विचारतो. मंडळीने तरुणांना घरात कोंडून ठेवावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पौलाचा प्रवास पाहा. तीनदा त्याचे तारू फुटले, एक रात्र व एक दिवस त्याने समुद्रात काढला, नद्यांची आणि लुटारूंची संकटे त्याने सोसली (२ करिंथ ११:२५-२७). पण हे सारे सांगताना तो आपल्या पराक्रमाचा नव्हे, तर आपल्या दुर्बलतेचा अभिमान सांगतो (११:३०). तो संकटात गेला तो लोकांनी पाहावे म्हणून नव्हे. पलीकडच्या तीरावर माणसे होती म्हणून.

आणि आपल्या प्रभूकडे पाहा. सैतानाने त्याला मंदिराच्या शिरोभागी उभे केले आणि उडी टाक म्हटले (मत्तय ४:५-७). खाली यरुशलेमची गर्दी होती. एका उडीत सारे शहर त्याच्या पायांशी आले असते. शास्त्रवचनाचा आधारही सैतानाने पुढे केला. प्रभू म्हणाला की, देवाची परीक्षा पाहावयाची नाही. पुढे वधस्तंभावर असतानाही लोक तेच मागत होते : खाली ये, म्हणजे आम्ही विश्वास ठेवू (मत्तय २७:४२). तेव्हाही त्याने देखावा केला नाही. जो टाळ्यांसाठी मंदिरावरून उतरला नाही, तो आपल्यासाठी वधस्तंभावर चढला आणि तेथेच राहिला. दाविदासाठी गड्यांनी जीव धोक्यात घातला. येथे राजाने गड्यांसाठी आपला जीव दिला. हीच सुवार्ता आहे.

आता त्या रात्रीचे उरलेले सांगतो. आम्ही पाचही जणांनी हा अध्याय मोठ्याने वाचला. मी त्या मुलांची क्षमा मागितली. मग तिघांच्या संमतीने ते चित्रण पुसून टाकण्यात आले. जो पडला होता, तो मात्र रागावून उठून गेला. त्याने माझ्याशी दोन आठवडे अबोला धरला. मला वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. आपण जिवावर उदार होऊन आणलेले पाणी डोळ्यांदेखत मातीत मुरताना पाहून त्या तिघा गड्यांना काय वाटले असेल, हे शास्त्र सांगत नाही. पुढच्या प्रार्थनासभेला तो आला आणि दाराजवळ बसला. जाताना एवढेच म्हणाला, “काका, आईला अजून सांगितलेले नाही. तुम्ही बरोबर याल का?” मी गेलो. ती माउली काही बोलली नाही. उठून तिने आम्हा दोघांना पाणी दिले. ते मी प्यालो, पण घोट गळ्याखाली उतरताना जड गेला.

ते चॅनेल आजही चालू आहे. आकडा अजून हजाराच्या बराच अलीकडे आहे. आता निघण्यापूर्वी ते चौघे मिळून प्रार्थना करतात, पाण्याच्या व कड्याच्या काठावर चित्रण करीत नाहीत, आणि चौघांपैकी एकाने तरी ‘पुरे’ म्हटले की मोबाईल खिशात जातो, असा त्यांचा करार आहे. आणि मी त्यांना एक गोष्ट सांगितली आहे. नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावकडे चालले असता एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्याशी प्रेमाने संवाद केला आणि नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. डब्यातल्या त्या भेटीचे चित्र कोणी काढले नाही. पण तिचे फळ मराठी मंडळी आजही चाखीत आहे. प्रवासात पाहण्याजोगे पुष्कळ असते, परंतु शेजारी बसलेल्या माणसाहून पाहण्याजोगे काही नसते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, हा अध्याय एका रविवारी मुलांबरोबर वाचावा. ‘मोबाईल वाईट’ एवढे सांगून थांबू नये. त्यांना विचारावे : तुझा मित्र कड्यावर उभा असेल तर तुझे हात रिकामे असतील काय? आणि मग तोच प्रश्न आपणही स्वतःला विचारावा : आपला उसासा ऐकून कोण पाण्यात उतरत आहे?

हे प्रभू, आमच्या तरुणांची वाट राख. त्यांच्या पायांना बळ दे आणि मित्राला धरण्यासाठी त्यांचे हात मोकळे ठेव. आमच्या जिभेवर आणि आमच्या डोळ्यांवर पहारा ठेव. जे पाणी दुसऱ्याच्या प्राणाच्या मोलाने येते, ते तुझ्यापुढे ओतण्याची बुद्धी आम्हांस दे. आमेन.